हद्द ओलांडल्यावर

बेंगळुरूच्या मेट्रोचा हिरवा मार्ग कनकपुरा रस्त्याच्या डोक्यावरून जातो. त्यावर ‘जयप्रकाश नगर’ हे स्थानक आहे. जून २०१७ मध्ये हा टप्पा सुरू झाला तेव्हा मेट्रोच्या पाट्यांवर कन्नड, इंग्रजी आणि हिंदी अशा तीन भाषा होत्या. पावसाळा संपायच्या आत हिंदी गेली. ‘नम्म मेट्रो, हिंदी बेडा’, म्हणजे आपली मेट्रो, हिंदी नको, ही मोहीम आधी फोनाफोनी फिरली. मग काही स्थानकांवर हिंदी अक्षरांवर कागद चिकटले. शेवटी सिद्धरामय्यांच्या सरकारने हिंदी ठेवणार नाही असं केंद्राला कळवून टाकलं.

जे. पी. नगरातल्या मराठी माणसाची या प्रकरणात पंचाईत झाली. इंग्रजी सोडली तर त्याला वाचता येणारी एकच लिपी त्या पाट्यांवर होती, तीच गेली. पण मोहिमेचं म्हणणं तर मनातून पटत होतं. पुढे आठ वर्षांनी त्याच्या मुलखात पहिलीपासूनच्या हिंदीवरून असंच रण पेटलं आणि २९ जून २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा त्याने बेंगळुरूत बसून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्याची मुलगी शेजारच्या खोलीत दुसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी कन्नड बाराखडी घोटत होती. तिला कन्नड सक्तीची आहे, कायद्याने.

राज्याचा कायदा आणि घटनेने दिलेले हक्क यांवर आपल्याकडे बोललं जातं ते बहुधा दिल्लीच्या किंवा मुंबईच्या उंचीवरून. मला ते जे. पी. नगरच्या पातळीवरून बघायचं होतं. इथला मराठी माणूस या बाबतीत विशेष कामाचा साक्षीदार आहे. गावी तो बहुसंख्य, इथे अल्पसंख्य. तिकडे जो कायदा त्याच्या बाजूने उभा असतो, तोच हद्द ओलांडली की त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. राज्यघटना मात्र दोन्हीकडे तीच.

आधी वस्तीबद्दल थोडं. जे. पी. नगर म्हणजे दक्षिण बेंगळुरूतली एकामागून एक वाढत गेलेल्या ‘फेज’ची वसाहत. सरक्की, पुट्टेनहळ्ळी अशा जुन्या खेड्यांच्या शेतांवर ती पसरली आहे. पहिल्या फेजांत रुंद रस्ते आणि गुलमोहर, पुढच्या फेजांत बहुमजली इमारती आणि टँकर. दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकरा नाट्यगृह आहे. २००४ साली ते उभं केलं अरुंधती नाग यांनी, दिवंगत पती शंकर नाग यांच्या स्मरणार्थ. कन्नडिगांनी डोक्यावर घेतलेला हा नट घडला तो मुंबईच्या मराठी रंगभूमीच्या सहवासात; ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटातही तो आहे. मराठी नाटकाचा प्रयोग तिथे लागला की एरवी लिफ्टमध्ये इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारे चार लोक एकमेकांना सापडतात आणि मग गाडी लावायला जागा मिळेना या विषयावर मराठीत भांडतात.

इथले मराठी लोक एका जातीचे नाहीत, म्हणजे एका थरातले. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी नातं सांगणारी घराणी आहेत. त्यांच्या घरातली मराठी कानडी हेलाची, आणि कन्नड मात्र अस्सल. कनकपुऱ्यातून वर्षानुवर्षं निवडून आलेले पी. जी. आर. सिंधिया याच जुन्या मराठा समाजातले. दुसरे, विटा-खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेले. त्यांचा मुख्य ठिय्या जुन्या पेठांत, घरं आता दक्षिणेकडे सरकलेली. आणि तिसरे, गेल्या पंचवीस वर्षांत आलेले संगणकवाले. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला तिघे एका पंगतीला बसतात, पण कायदा तिघांना वेगवेगळा भेटतो.

दुकानदाराला तो पाटीवर भेटला. २७ डिसेंबर २०२३ रोजी कर्नाटक रक्षण वेदिकेने शहरभर मोर्चा काढला, इंग्रजी पाट्या फोडल्या. संघटनेचे अध्यक्ष टी. ए. नारायण गौडा यांना अटक झाली. पण मोर्च्याची मागणी सरकारने उचलून धरली. कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा २०२२ सालचा आहे. त्यात दुरुस्ती करून पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा, आणि कन्नड वरच्या अर्ध्यात हवं, असं ठरलं. आधी वटहुकूम निघाला होता. अधिवेशन तोंडावर असताना वटहुकूम कशाला, असं म्हणून राज्यपालांनी तो परत पाठवला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानेच दुरुस्ती मंजूर केली.

सांगलीकडचे एक फरसाणवाले मला त्या दिवसांबद्दल सांगत होते. त्यांची पाटी इंग्रजी, खाली बारीक कन्नड. पाटी रंगवणारा टेप घेऊन आला आणि दोघांचा अर्धा तास वाद झाला: साठ टक्के मोजायचे कशाचे? फळ्याच्या उंचीचे, की अक्षरांनी व्यापलेल्या जागेचे? दुकानाचं चिन्ह, फोन नंबर, ‘शुद्ध शाकाहारी’चा हिरवा ठिपका कुणाच्या हिश्शात धरायचा? शेवटी रंगाऱ्याने तोडगा काढला. कन्नड अक्षरं इतकी मोठी करायची की मोजायला कोणी टेप काढूच नये. “धाकट्या भावाचं दुकान पुण्याला,” फरसाणवाले म्हणाले. “त्याला मराठी मोठी करायला लागली, मला कानडी. नाव एकच, बापाचं. पेंटरचे पैसे दोनदा.”

भावाला पाटी बदलावी लागली त्या महाराष्ट्राच्या कायद्याविरुद्ध व्यापारी आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांनी याचिका फेटाळली, वर पंचवीस हजारांचा दंड बसवला. मराठी पाटीची सक्ती म्हणजे दुसऱ्या भाषांना बंदी नाही, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयां यांच्यापुढे सुनावणी झाली आणि मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. दसरा-दिवाळीच्या आधी मराठी पाटी लावण्यात तुमचाच फायदा आहे, असंही न्यायालयाने सुनावलं. न्या. नागरत्ना मूळच्या कर्नाटकातल्या. तिकडेही असा नियम असल्याचं त्यांनी बोलून दाखवलं. त्या दिवशी मराठी वाहिन्यांवर जल्लोष झाला. फरसाणवाल्यांनीही तो पाहिला, आणि जेमतेम पाच महिन्यांत त्यांच्या दारात टेप आला.

याच मालिकेत अकोला जिल्ह्यातल्या पातूरचं प्रकरण घालायला हवं, कारण मराठी अभिमानाच्या चर्चेत ते कोणी काढत नाही. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेलं आहे. ते काढा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी उर्दू राहू दिली. मराठी अनिवार्य करणारा कायदा तिच्या शेजारी आणखी एक भाषा लिहायला मनाई करत नाही, असा त्याचा अर्थ. बेंगळुरूत मराठी माणूस जेव्हा म्हणतो, “कन्नड लिहितो हो, पण खाली माझं मराठीही राहू दे,” तेव्हा तो पातूरच्या उर्दूच्या बाजूने बोलत असतो. हे त्याला गावी परतल्यावर आठवत असेल का, याबद्दल मला शंका आहे.

शाळेचं प्रकरण पाटीपेक्षा खोल जातं, कारण तिथे एका पिढीच्या जिभेचा प्रश्न असतो. कर्नाटकात हा वाद चाळीस वर्षांहून जुना. शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणणारा गोकाक अहवाल आला, १९८२ मध्ये गोकाक चळवळ झाली, कन्नड अभिनेते राजकुमार रस्त्यावर उतरले. पुढे १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमधूनच द्यायचं असं ठरलं. खाजगी इंग्रजी शाळा न्यायालयात गेल्या. प्रकरण फिरत फिरत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे पोचलं आणि ६ मे २०१४ रोजी निकाल लागला: मूल कोणत्या माध्यमात शिकणार हे आईबाप ठरवतील; सरकार खाजगी शाळेवर माध्यम लादू शकत नाही. आधार घेतला तो अनुच्छेद १९ चा, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा. मातृभाषा कोणती, हेसुद्धा आईबापच सांगतील.

सरकारने मग दुसरी वाट धरली. २०१५ मध्ये कन्नड शिकण्याचा कायदा आला: माध्यम काहीही असो, मंडळ कोणतंही असो, कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवा. आपल्याकडे २०२० मध्ये मराठी सक्तीचा कायदा झाला तो याच घाटाचा, न पाळणाऱ्या शाळेला एक लाखाच्या दंडासकट. त्याआधी २००४ मध्येच, गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या शाळेने मराठी सक्तीविरुद्ध दाद मागितली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या बाजूने निकाल दिला होता. ज्या राज्यात राहता तिथली भाषा शिकण्याने अल्पसंख्याकांचा हक्क बुडत नाही, असं त्याचं सार. त्या निकालातल्या गुजराती पालकाच्या जागी आज जे. पी. नगरातला मराठी पालक बसला आहे.

भाषेच्या कायद्यांबद्दल मी स्वतः काढलेला निष्कर्ष एवढाच: भर घालणारा कायदा न्यायालयात टिकतो, हिरावून घेणारा अडखळतो. आणि हे मला बरोबरच वाटतं. ज्या शहराचं पाणी पितो त्या शहराची लिपी वाचता न येणं, आणि वीस वर्षांनीही ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही, एवढंच म्हणता येणं, यात कसला हक्क? मराठी मुलांना तर कन्नड तुलनेने सोपी जाते. ‘ळ’ तिकडेही आहे. अण्णा, अक्का हे शब्द आपण मुळात तिथूनच उचलले. अडचण होते ती मध्येच बदली होऊन आलेल्या आठवी-नववीच्या मुलांची. सातवीपर्यंत मराठी-हिंदी शिकलेलं पोर एकदम दुसऱ्या भाषेच्या धड्यावर जाऊन आदळतं. बाराखडीपासून सुरुवात करायची आणि वर्षभरात इतरांच्या बरोबरीने परीक्षा द्यायची. एका आईने मला वही दाखवली. पोराने प्रत्येक कन्नड शब्दावर पेन्सिलीने देवनागरी लिहिलं होतं, आणि देवनागरीवर बाईंनी लाल फुली मारली होती. राज्याने भाषा शिकवावीच, पण उशिरा आलेल्याला जिना द्यावा. दोन्ही राज्यांचं लक्ष सक्तीवर जास्त आणि जिन्यावर कमी आहे.

आणि मराठी शिकण्याचा हक्क? अनुच्छेद ३५०-अ म्हणतो की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. त्याच्या जोरावर बेळगावात सरकारी मराठी शाळा चालतात. पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पसंख्य असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही मागणी महाराष्ट्र एकीकरण समिती वर्षानुवर्षं लावून धरते आहे. जे. पी. नगरात ही कलमं कोणालाच आठवत नाहीत. इथे मराठी माणूस पंधरा टक्क्यांच्या जवळपासही नाही, आणि त्याला मुलासाठी मराठी शाळा नकोच आहे; हवी आहे ती इंग्रजी. ३५०-अ हा ज्यांचं गाव दुसऱ्या राज्यात गेलं त्यांच्यासाठी आहे. जे स्वतः दुसऱ्या राज्यात गेले त्यांना तो तितकासा चिकटत नाही.

याचा सगळ्यात ठसठशीत अनुभव येतो १ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आगेमागे. त्या दिवशी बेळगावात समितीचे लोक काळा दिवस पाळतात. त्याच दिवशी जे. पी. नगरच्या इमारतींत राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा चढतो, आणि इमारतीच्या समितीवर असलेले मराठी काका तिथे बुंदीचे लाडू वाटत असतात. काकांचा मावसभाऊ बेळगावच्या टिळकवाडीत दंडाला काळी फीत लावून उभा. दोघं संध्याकाळी फोनवर बोलतात, दिवाळीच्या फराळाबद्दल. सीमावादाबद्दल बोलायचं नाही हा घरगुती करार. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. फराळ दर वर्षी होतो.

नोकरीचं गाजलेलं विधेयक उलट दोन दिवसांत आटोपलं. १५ जुलै २०२४ रोजी कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी कंपन्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना ठेवणारं विधेयक मंजूर केलं. स्थानिक कोण? जन्म कर्नाटकातला, पंधरा वर्षांचं वास्तव्य, आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणं. उद्योगजगताने आरडाओरडा केला आणि १७ तारखेला ते स्थगित झालं. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा असाच कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला होता. भूमिपुत्रांच्या हक्काची भाषा मुंबईत १९६६ पासून कोणत्या भागातल्या लोकांविरुद्ध बोलली गेली, हे इथल्या जुन्या कन्नडिगांना पाठ आहे. ते मराठी शेजाऱ्याला टोमणा मारत नाहीत. नुसतं हसतात, आणि ते जास्त लागतं.

गाडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण घटनेचं कलम इतकं रोखीत दुसरीकडे कुठे दिसत नाही. पुण्याहून बदलून आलेलं जोडपं एमएच-१२ ची गाडी घेऊन येतं. पंधरा वर्षांचा रस्ताकर पुण्यातच एकरकमी भरलेला. केंद्राचा मोटार वाहन कायदा, कलम ४७, सांगतो की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नव्याने नोंदणी करा. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या वाहन कर कायद्यात दुरुस्ती केली आणि बारा महिन्यांचे केले तीस दिवस. महिन्याहून अधिक दिवस इथे गाडी फिरवलीत तर आयुष्यभराचा कर भरा! हा कर देशातल्या चढ्या करांपैकी, महागड्या गाडीवर अठरा टक्क्यांपर्यंत. मग नाक्यानाक्यांवर परराज्यांच्या गाड्या थांबू लागल्या. लोक काचेवर टोलच्या पावत्या ठेवून फिरत. पंचवीस दिवसांपूर्वीच खंबाटकी ओलांडून आलोय, हा पुरावा.

पुण्यात भरलेला पैसा परत मिळतो, पण कसा? आधी तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं आणखी एक. मग इथे फॉर्म २७ भरून नवा क्रमांक आणि पूर्ण कर. मग ती पावती घेऊन पुन्हा पुण्याला परताव्याचा अर्ज. म्हणजे काही काळ दोन राज्यांचा कर एकाच गाडीवर. रजा आणि रेल्वेचं तिकीट वेगळं. पुष्कळांनी परताव्याचा नाद सोडला. काहींनी गाडीच विकली.

काही नागरिक न्यायालयात गेले. १० मार्च २०१६ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ती तीस दिवसांची दुरुस्ती रद्द केली. केंद्राचा कायदा एक वर्ष देतो तिथे राज्याला महिन्यावर आणता येणार नाही. देशभर फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये छापलेला असतो; इथे तो एका मारुतीच्या बॉनेटवर येऊन बसला. पुढे सप्टेंबर २०२१ पासून केंद्राने, राज्य बदललं तरी न बदलणाऱ्या वाहन क्रमांकांची, ‘बीएच’ मालिका आणली. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीच्या नोकरदारालाही ती मिळते, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. कर्नाटकाच्या परिवहन खात्याने परिपत्रक काढून खाजगी नोकरदारांना ती नाकारली. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रकही रद्द केलं. आज जे. पी. नगरच्या तळघरांतून बीएच क्रमांक सर्रास दिसतात. त्यांच्या मालकांपैकी किती जणांना हे दोन निकाल माहीत आहेत? मी विचारलेल्यांपैकी एकालाही नव्हते. हक्क असेच मिळतात. कोणीतरी अनोळखी माणूस वकिलाची फी भरतो आणि आपल्याला नाक्यावर कोणी थांबवत नाही.

ज्या माणसाचं नाव या वसाहतीला आहे, त्याचा विषय आता काढायला हरकत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि जयप्रकाश नारायण दिल्लीत पकडले गेले. २६ ला बेंगळुरूत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते पकडले गेले. संसदीय समितीच्या बैठकीला ते इथे आले होते. दंडवते अठरा महिने बेंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात राहिले, प्रमिलाताई येरवड्यात. पतिपत्नी दोन तुरुंगांत, आणि मधला संसार पत्रांनी. याच बेंगळुरूच्या तुरुंगात नाट्यकलावंत स्नेहलता रेड्डी दम्याने खंगल्या. सुटल्यावर लगेच, जानेवारी १९७७ मध्ये वारल्या. तो तुरुंग आता ‘फ्रीडम पार्क’ आहे. शहरातले मोर्चे तिथेच अडवतात.

इथल्या कैद्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली होती. अशा याचिका ऐकता येतात असं सांगणाऱ्या देशातल्या नऊ उच्च न्यायालयांत कर्नाटकाचं एक. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळं उलटवलं: आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयाचं दार नाही. चारांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, एकटे विरोधात हंसराज खन्ना. तो निकाल औपचारिकपणे मोडीत निघाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या खटल्यात, आणि मोडीत काढणाऱ्या नऊ न्यायमूर्तींत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते. तो खटला आणला होता बेंगळुरूच्याच एका वृद्धाने. के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली, आणि आधारची कल्पना ज्यांच्या हातून उभी राहिली ते नंदन नीलेकणीही याच शहरातले. २०१८ च्या आधार निकालाने खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक काढून घेतली.

तर अशा शहरात, जयप्रकाशांच्या नावाच्या वसाहतीत, सकाळी साडेसहाला एखाद्या इमारतीच्या फाटकाशी उभं राहावं. घरकामाला आलेल्या बायका रांगेत. कोणी कलबुर्गीची, कोणी रायचूरची, एखादी सोलापूरकडची, जिला मराठी ऐकू आलं की हसू फुटतं. रखवालदाराच्या हातात फोन. त्यात प्रत्येकीचा फोटो, कोणत्या घरांत काम, आली किती वाजता, गेली किती वाजता, आणि मागाहून कुणाकुणाने दिलेले तारे. नावनोंदणीच्या वेळी आधारची झेरॉक्स घेतलेली. परत जाताना पिशवी उघडून दाखवायची. सोलापूरच्या बाईंना मी विचारलं, कार्ड नाही दिलं तर? त्या म्हणाल्या, “मग काम कोण देईल, दादा?” पुट्टस्वामींचा निकाल फाटकापर्यंत आलेला नाही. घरमालकांचं सगळं पोलीस पडताळणी आणि सुरक्षेच्या नावावर चालतं. आणि खरं सांगायचं तर, सभासदांच्या बैठकीत हा मुद्दा काढणारा मराठी माणूस मला भेटला नाही. काढायची हिंमत नसलेले भेटले.

जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली. अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही गुंडाळता येणार नाहीत, ही तिची थोर देणगी. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला आणि ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला. म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय तुमचं घर कोणी घेणार नाही. पण आधार असेल तर? त्याचं उत्तर याच वसाहतीत मिळालं, सरक्की तलावाच्या काठी.

एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हा प्रशासनाने सरक्की तलावाच्या हद्दीतली घरं आणि इमारती पाडल्या. ऐंशीहून अधिक एकरांच्या तलावात तीसहून अधिक एकरांवर बांधकामं उभी राहिली होती. त्यात राहणारे काही गुंड नव्हते. नोंदणीकृत खरेदीखतं, बँकेचं कर्ज, वीज, नळ, मालमत्ता कराच्या पावत्या, सगळं त्यांच्याकडे होतं. विकणारे निघून गेले होते, नोंदणी करणारे अधिकारी बदलून गेले होते. उरले घेणारे. दुसरीकडे तलावही खराच होता, आणि पुट्टेनहळ्ळीचा तलाव तर तिथल्याच रहिवाशांनी न्यास काढून वाचवलेला. कायदा तलावाच्या बाजूने उभा राहिला हे बरोबर. पण तलाव कागदोपत्री प्लॉट होत असताना तो कुठे होता, हे विचारायचं कुणाला?

इथे ‘खाता’ नावाचा कागद असतो. महापालिकेच्या कर-नोंदवहीतला उतारा. आपल्या सातबाऱ्यासारखाच लोक तो मालकीचा दाखला समजतात, आणि सातबाऱ्यासारखाच तो तसा नाही. त्यात अ आणि ब. नियमात न बसणाऱ्या मालमत्तेची नोंद ब वहीत: कर घेतला जातो, पण म्हणून बांधकाम नियमित झालं असं नाही, ही तरतूद कायद्यातच आहे. ‘अक्रम-सक्रम’ या नियमितीकरण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली, त्यानंतर ब-खातावाले वर्षानुवर्षं लटकले. पुण्यामुंबईतून आलेली मंडळी दलालाच्या तोंडचं ‘बी खाता आहे, पण टॅक्स भरतो ना सर’ हे वाक्य ऐकतात आणि सही करतात. गुंठेवारीचा अनुभव घेतलेल्या मराठी माणसाने तरी इथे थबकायला हवं. थबकत नाही, भाव कमी असतो.

तर विचारायचं कुणाला? नगरसेवकाला, हे सरळ उत्तर. पण बेंगळुरू महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली, आणि १० सप्टेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं अनुच्छेद २४३-यू म्हणतो. आधी वॉर्डांची संख्या, मग आरक्षण, मग नवा कायदा असं करत करत ती लांबत गेली. १५ मे २०२५ पासून ‘ग्रेटर बेंगळुरू’चा कायदा लागू झाला, महापालिकेचे पाच तुकडे झाले, जे. पी. नगरचा मोठा भाग दक्षिण महानगरपालिकेत गेला. हा लेख लिहीपर्यंत नगरसेवक आलेला नाही. महाराष्ट्राने नाक मुरडायचं कारण नाही. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दटावल्यावर तिथे हालचाल सुरू झाली. खड्डा आणि टँकर यांच्यासाठी ज्याचं दार ठोठावायचं तो माणूसच दोन्ही राज्यांनी वर्षानुवर्षं निवडू दिला नाही. भाषेच्या पाटीसाठी दोन महिन्यांत हलणारी यंत्रणा हीच.

जे. पी. नगरातल्या मराठी माणसाकडे मात्र याहून लाजिरवाणं एक उत्तर आहे. त्याचं मत अजून गावीच आहे. सांगली, कोथरूड, कागल; जिथली यादी जुनी तिथे. विधानसभेला तो बसचं तिकीट काढून जातो किंवा जात नाही. बेंगळुरूला अकरा वर्षं झाली, फ्लॅट घेतला, मुलीने कन्नडमध्ये नव्वद गुण मिळवले, पाटी बदलली, गाडीचा क्रमांक केए-०५ झाला. मतदार म्हणून तो इथे नाहीच. कायद्याने नाव एकाच मतदारसंघात ठेवता येतं. पत्ता बदलायला २०२२ पासून फॉर्म ८ पुरतो, घरबसल्या भरता येतो, आणि कन्नड येणं ही त्याची अट नाही.

फरसाणवाल्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, भरतो की. पण वडील आहेत तोवर गावचं नाव काढायला नको. सोसायटीची निवडणूक झाली की बघू. कुठली सोसायटी, असं मी विचारलं. म्हणाले, गावची, विकास सोसायटी. इथल्या इमारतीच्या समितीची निवडणूक गेल्याच महिन्यात झाली. त्यांनी मत दिलं नव्हतं.